सीलिंग : ओके

एका कागदावर मी एकदा दोन शब्द लिहिले होते. ‘सीलिंग : ओके’. ते खोटं होतं आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. पण आधी थोडं धातूबद्दल सांगावं लागेल. सीलिंग म्हणजे काय हे कळल्याशिवाय ते खोटं केवढं होतं हे कळणार नाही. मलाच ते कळायला दोन वर्षं लागली आणि कबूल करायला त्याहून जास्त.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप होतं. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, सात माणसं. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, म्हणजे त्या दिवशी मी एकटा बसून चलनं आणि बिलं निपटायचो. आमचं बरंचसं काम अ‍ॅल्युमिनियमचं. बार कापायचा, टर्निंग-मिलिंग करायचं, बर काढायची आणि अ‍ॅनोडायझिंगला पाठवायचं. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातली काळपट राखाडी, ‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ लिहिलेली कढई आठवावी. तिच्यावर रंग लावलेला नसतो. कालथ्याने खरवडून खरवडून ती खालून पांढरी होत नाही, कारण खरवडून निघेल असं वर काही चढवलेलंच नसतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एक जॉब केला होता, वीस मिलिमीटरचं बेअरिंग बसेल असं भोक, एच-सात टॉलरन्स. म्हणजे भोक वीस मिलिमीटर ते वीस मिलिमीटर अधिक एकवीस मायक्रॉन, एवढ्यातच हवं. आम्ही बरोबर मध्यावर बोअर केलं, गो-नोगो गेज लावून एकेक नग तपासला आणि मोठ्या अभिमानाने अ‍ॅनोडायझिंगला धाडला. परत आले तेव्हा एकाही भोकात बेअरिंग जाईना. मी प्लेटिंगवाल्या काकांवर ओरडलो (सगळे त्यांना प्लेटिंगवालेच म्हणत, अ‍ॅनोडायझिंग हे प्लेटिंग नव्हे हे ते स्वतः शंभरदा सांगत असूनही). ते शांतपणे म्हणाले, “साहेब, हे लावत नाहीत, उगवतं. पंचवीस मायक्रॉन सांगितलेत ना? त्यातलं तिसरा हिस्सा बाहेर येतं, दोन हिस्से आत जातं. भोक आहे म्हणजे दोन्ही बाजूंनी आत आलं. सोळा-सतरा मायक्रॉन गेले तुमचे.”

उगवतं. हा शब्द माझ्या डोक्यात राहिला.

सोनाराचा मुलामा, भांड्यावरची कल्हई, दारावरचा रंग, ही सगळी वरून चढवलेली. खाली एक वस्तू, वर दुसरी. आपल्या भाषेत वरच्या थराविषयी फारसं चांगलं बोललं जात नाही. वरवरचं म्हणजे खोटं. वरून कीर्तन, आतून तमाशा. वरच्या रंगाला भुलू नये हे तर आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. माणसाचं खरं रूप आत असतं आणि पृष्ठभाग त्याला झाकतो, असा आपला जवळजवळ धर्मच आहे. अ‍ॅल्युमिनियमने माझा हा समज थोडा हलवला.

खरं पाहता नुसतं अ‍ॅल्युमिनियम आपण कोणी कधी पाहिलेलंच नाही. हा फार चंचल धातू. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याला क्षणाचीही फुरसत नाही. लेथवर टूल फिरतं, मागे चकचकीत पृष्ठभाग सुटतो आणि आपली नजर तिथे जाईपर्यंत त्यावर ऑक्साइडचा दोन-चार नॅनोमीटरचा पापुद्रा आलेलाही असतो. तो इतका घट्ट की खालचा धातू मग हवेला भेटत नाही. लोखंडाचा गंज सुटतो, पडतो, पुन्हा खातो. अ‍ॅल्युमिनियमचा गंज, खरं तर हा गंजच, त्यालाच धरून बसतो आणि त्याला वाचवतो. आपण ज्याला शांत, निरुपद्रवी, खिडकीच्या चौकटीला आणि दुधाच्या कॅनला योग्य असा धातू म्हणतो, तो शांत आहे तो त्या पापुद्र्यामुळे. ‘खरं अ‍ॅल्युमिनियम’ आत शोधायला गेलात तर एक भडकू, टिकू न शकणारी गोष्ट सापडेल. त्याचा स्वभाव म्हणून आपण जे ओळखतो ते सगळं त्याच्या कातडीत आहे.

अ‍ॅनोडायझिंग म्हणजे ही कातडी मुद्दाम जाड करणं. गंधकाम्लाच्या टाकीत, साधारण वीस अंश तापमानाला, नग धन टोकाला जोडून टांगायचा आणि बारा ते अठरा व्होल्ट द्यायचे. धन टोक म्हणजे अ‍ॅनोड. हा शब्द फॅरडेने १८३४ साली वापरात आणला, व्ह्यूएल नावाच्या विद्वान मित्राला विचारून. इतर विद्युत-प्रक्रियांत बहुधा नगाला ऋण टोकाला लावतात आणि बाहेरून दुसरा धातू येऊन त्यावर बसतो. इथे उलटं. नगच धन टोक होतो आणि स्वतःचाच धातू खर्चून स्वतःवर ऑक्साइड करतो. म्हणून ते काहीच लपवत नाही. टूलचे वळ, ओरखडे, बारमधली अशुद्धता, सगळं जसंच्या तसं, कधी कधी आधीपेक्षा ठळक दिसतं. जास्त सिलिकॉनचं ओतीव अ‍ॅल्युमिनियम टाकलं तर ढगाळ, डागाळ राखाडी होऊन बाहेर येतं. गिऱ्हाइकं तक्रार करायची, “अ‍ॅनोडायझिंग करूनही स्क्रॅच दिसतोय.” अहो, केलं म्हणूनच दिसतोय.

आता सीलिंग. आम्लात उगवलेला हा थर घन नसतो. त्यात खालपर्यंत गेलेली सूक्ष्म नळकांडी असतात, दहा-वीस नॅनोमीटर रुंदीची, मधाच्या पोळ्यासारखी शेजारी शेजारी. १९५३ मध्ये अमेरिकेत केलर, हंटर आणि रॉबिन्सन या तिघांनी ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडली. नळकांड्यांच्या तळाशी घन थर असतो, पण तो अगदी पातळ, व्होल्टामागे साधारण एक नॅनोमीटर. म्हणजे पंचवीस मायक्रॉनच्या जाडजूड भासणाऱ्या कातडीत प्रत्यक्ष आडवी भिंत पंधरा-वीस नॅनोमीटरची. बाकी सगळी उघडी तोंडं. रंग हवा असेल तर तो याच तोंडांतून आत शिरवतात. आणि मग तोंडं बंद करावी लागतात. शुद्ध पाणी, जवळजवळ उकळतं, शहाण्णव अंशांच्या वर. त्यात ऑक्साइड पाणी धरून फुगतं आणि नळकांडं मिटतं. वेळ लागतो : मायक्रॉनमागे दोन-तीन मिनिटं. पंचवीस मायक्रॉनला तासभर किंवा जास्त. त्या तासात नगाच्या दिसण्यात काहीही फरक पडत नाही. जाडी मोजायचं यंत्र लावा, सील केलेला आणि न केलेला, दोघांचा आकडा सारखाच. फरक कळायला वेगळी चाचणी करावी लागते. आमच्या शॉपमधली गावठी चाचणी अशी : मार्करने रेघ ओढायची आणि ओल्या कापडाने पुसायची. पुसली गेली तर तोंडं मिटलीत. राहिली तर उघडी आहेत.

२०१५ सालच्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीकडच्या दोन तरुण इंजिनिअरांचं काम माझ्याकडे आलं. ते वाऱ्याचा वेग आणि दिशा सांगणारी यंत्रं बनवत. मासळी उतरते त्या जेट्ट्यांवर, खाडीच्या तोंडाशी बसवायची. त्यांची हाउसिंगं मला करायची होती : १८० नग, ६०६१ ग्रेडचा बार, आटे असलेलं झाकण, पंचवीस मायक्रॉन नॅचरल अ‍ॅनोडायझिंग, सील केलेलं. ड्रॉइंगवर हे सगळं स्वच्छ लिहिलेलं. पोरं हुशार होती.

काकांचा भाव नगाला अठ्ठावीस रुपये होता. मी घासून एकवीसवर आणला. त्यांनी फार ताणलं नाही. टाकीतला गाळ अधिकृत जागी पाठवायचा खर्च, विजेचं बिल, असं काहीतरी पुटपुटले आणि गप्प झाले. मला तेव्हा वाटलं मी जिंकलो.

माल परत आला त्या संध्याकाळी मी सवयीने मार्करची रेघ ओढली. पुसली जाईना. दुसरा नग, तिसरा. एकाही नगावरची जाईना. फोन केला. काका म्हणाले, सीलिंगच्या टाकीतले तीनपैकी दोन हीटर गेलेत, पाणी सत्तरच्या वर जात नाही, तुम्हाला घाई होती म्हणून तसंच बुडवून दिलं. “जाडी बघा साहेब, पंचवीस बरोबर आहे. एकवीस रुपयांत आणखी काय करू?”

माझ्याकडे मार्ग होता. चार दिवस मागितले असते तर त्या पोरांनी दिले असते. दुसऱ्या कुणाकडून सीलिंग करून घेता आलं असतं, खर्च माझ्या खिशातून गेला असता, हजार-दोन हजार. पण महिनाअखेर होती, बिल लावायचं होतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाला दिसणार नव्हतं. टेस्ट सर्टिफिकेटवर मी आकडे भरले. बोअर, बाहेरचा व्यास, आट्याचं गेज, जाडी चोवीस ते सत्तावीस मायक्रॉन. सगळे खरे. शेवटच्या ओळीत ते दोन शब्द. खाली सही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट आहे. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. प्रश्न असा की मग तो न्यायाने का वागेल? कॉलेजात हे ऐकलं तेव्हा परीकथा वाटली होती. वर्कशॉपमध्ये राहून कळलं की अंगठीची गरजच नाही. इथे माणूस दिसतो, त्याची सही दिसते, शिक्का दिसतो. फक्त कृत्य अदृश्य असतं, तेही दहा-वीस नॅनोमीटर रुंदीचं. आणि एक फरक आहे जो प्लेटोच्या गोष्टीत नाही. अंगठी गायजीस एकट्याकडे होती. माझ्या गोष्टीत काका आहेत, त्यांचे जळलेले हीटर आहेत आणि सात रुपये कापून घेणारा मी आहे. सीलिंग टाकीत राहिलं नाही ते त्या दिवशी. भाव ठरला त्याच दिवशी ते गेलं होतं. मी ज्याच्यावर फसवणुकीचा आरोप करू शकलो असतो, त्याला ती फसवणूक मीच घाऊक भावात विकत मागितली होती. काकांनी निदान विचारल्यावर खरं सांगितलं. कागदावर खोटं कुणी लिहिलं, तर मी.

पुढचे बावीस महिने काही झालं नाही. मग एका गुरुवारी फोन आला. त्या दोघांपैकी एकाचा. मला वाटलं नवी ऑर्डर. तो म्हणाला, “सर, हाउसिंगांवर पांढरी भुकटी धरतेय. खड्डे पडलेत. झाकणं आट्यातच अडकलीत, काही फोडून काढावी लागली, आतलं सर्किट गेलं.” माझ्या पोटात गोळा आला. मी कसाबसा म्हणालो, “पाठवा एक-दोन नग, बघतो.” तर तो म्हणाला, “नको सर, तुमची काहीच चूक नाही. आम्ही सगळं तपासलं. तुमचे सर्टिफिकेट काढून पाहिले, सीलिंगसुद्धा ओके होतं. म्हणजे मटेरियलच चुकलं आमचं. समुद्राकाठी अ‍ॅल्युमिनियम वापरायलाच नको होतं. आम्हालाच कळायला हवं होतं. आता स्टेनलेसमध्ये करतोय.”

मी म्हणालो, “हो, समुद्राची हवा वाईटच.”

हे वाक्य मला त्या दोन शब्दांपेक्षा जास्त बोचतं.

कारण अ‍ॅनोडायझिंग जन्माला आलं तेच समुद्रासाठी. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉफ आणि स्टुअर्ट या दोघांनी क्रोमिक आम्लातली पद्धत काढली ती ड्युरालुमिनला, म्हणजे सागरी विमानांच्या धातूला, खाऱ्या पाण्यापासून वाचवायला. गंधकाम्लाची स्वस्त पद्धत त्यानंतर चार वर्षांनी आली. ६०६१ ग्रेड, पंचवीस मायक्रॉन, नीट सील केलेलं : त्या पोरांची निवड उत्तम होती. त्यांची चूक नव्हती. आणि माझ्या सहीमुळे ते आपलं बरोबर असलेलं ज्ञान चूक म्हणून फेकून देत होते.

मी खोटेपणाचा हिशेब नेहमी पैशात केला होता. कुणाचं किती नुकसान? १८० हाउसिंगं गुणिले किंमत. फार तर सर्किटं. ते भरून देता येतं. पण हे दुसरं नुकसान या हिशेबात बसेना. प्रामाणिकपणे सांगतो, भुकटीचं कारण शंभर टक्के सीलिंगच होतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. स्क्रू स्टेनलेसचे होते, अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेस टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याचाही वाटा असणार. पण मला हा विचार करता येत होता. मी दोन कारणं समोर ठेवून तोलू शकत होतो. त्यांना तोलता येत नव्हतं, कारण एक कारण मी कागदावर सही करून त्यांच्या समोरून काढून घेतलं होतं. त्यांनी सगळीकडे शोधलं, फक्त जिथे सापडलं असतं तिथे सोडून. चोराने पैसे नेले तर निदान पैसे गेले हे कळतं. मी त्यांचा अनुभवच बिघडवला. अनुभवातून माणूस शिकतो असं आपण म्हणतो, पण अनुभवात कुणी आधीच खोटा आकडा घालून ठेवला असेल तर माणूस शिकतो, आणि चुकीचं शिकतो. पुढे तो ते कुणाला तरी शिकवतोही. कोकणातल्या कुठल्या तरी कॉलेजात आज एखादा मास्तर सांगत असेल की समुद्राकाठी अ‍ॅल्युमिनियम चालत नाही, आमच्या ओळखीच्या पोरांचा अनुभव आहे.

कांटचा १७९७ सालचा एक छोटा निबंध आहे, परोपकारासाठीही खोटं बोलू नये असं सांगणारा. दारात आलेल्या खुन्यालाही मित्राचा ठावठिकाणा खोटा सांगू नये, इतकं टोकाचं त्याचं म्हणणं. त्यात तो म्हणतो की खोट्याने एखाद्या विशिष्ट माणसाचं नुकसान झालं नाही तरी एकूण मानवजातीचं होतंच. मी ते वाचून हसलो होतो. खुन्याच्या बाबतीत मी अजूनही हसतो. मित्राला वाचवायला मी खुशाल खोटं बोलेन. पण ‘मानवजातीचं नुकसान’ हे शब्द मला तेव्हा हवेतले वाटले होते, त्या गुरुवारनंतर वाटत नाहीत.

कुणी म्हणेल, एवढं मनाला लावून घेऊ नका, धंद्यात थोडं इकडेतिकडे चालतंच. चालतं, हे मी नाकारत नाही. कुठलाच नग निर्दोष नसतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये तर एक दोष अटळ आहे : नग टाकीत टांगायला कुठेतरी पकडावा लागतो, करंट तिथूनच आत जातो आणि जिथे पकड टेकलेली असते तिथे थर उगवत नाही. प्रत्येक अ‍ॅनोडाइज्ड नगावर कुठेतरी तिळाएवढी उघडी जागा असते. तुमच्या घरातल्या वस्तू उलटसुलट करून पाहा, बहुतेक वेळा आतल्या बाजूला, स्क्रूच्या भोकात किंवा कडेला सापडेल. चांगला ड्रॉइंगवाला आधीच लिहितो, ‘पकडीची खूण इथे चालेल’. न लिहिणाऱ्याला चांगला प्लेटिंगवाला फोन करून विचारतो, कुठे पकडू? काकाही विचारायचे. त्या खुणेबद्दल माझ्याशी आयुष्यात कुणी भांडलं नाही. संरक्षणाच्या दृष्टीने ती जागा न सील केलेल्या थरापेक्षा वाईटच, अगदी नागडी. पण ती कुठे आहे हे घेणाऱ्याला माहीत असतं. तो तिथे ग्रीस लावेल, गॅस्केट बसवेल, ती बाजू आत ठेवेल. काय करायचं ते त्याच्या हातात राहतं. मी जर सर्टिफिकेटवर लिहिलं असतं की ‘सीलिंग झालेलं नाही’, तर नग तोच राहिला असता, एका मायक्रॉनचा फरक नाही. त्यांनी परत पाठवला असता किंवा घाईत असते तर वार्निश मारून वापरला असता, आणि भुकटी धरल्यावर त्यांना कारण ठाऊक असतं.

वर्कशॉप मी २०२१ मध्ये बंद केलं. काका त्याआधीच गेले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी त्यांना अठ्ठावीसच्याही वर भाव देत होतो. त्यांनी कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मशिनं विकताना कपाटातल्या फायली फाडायला काढल्या त्यात ते सर्टिफिकेट सापडलं. ऑफिसची कॉपी. ती मी फाडली नाही. घरी आणून टेबलाच्या खणात ठेवली आणि पुढचे अडीच वर्षं तो खण फारसा उघडला नाही. बायकोला एकदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला कशाला सांगताय? त्यांना सांगा ना.” इतकं साधं होतं ते. आणि मी प्लेटो न् कांट काढून बसलो होतो.

गेल्या दिवाळीनंतर फोन केला. नंबर बदलला नव्हता. मी ओळख दिली, इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं : सीलिंग झालं नव्हतं, मला माहीत होतं, तरी मी सही केली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मग तो म्हणाला, “म्हणजे मटेरियल बरोबर होतं?”

मी म्हणालो, “बरोबर होतं. स्क्रूखाली नायलॉनचं वॉशर टाकायला हवं होतं, तेवढं सोडून सगळं बरोबर होतं.”

“आम्ही सात वर्षं स्टेनलेस वापरतोय,” तो म्हणाला. “दुप्पट वजन. खांब जाड करावे लागले. त्यामुळे दोन गावांनी घेतलंच नाही, परवडेना.” आवाज चढला नव्हता. पुन्हा थांबला. मग म्हणाला, “तुमच्या लॉटमधले काही अजून उभे आहेत. बदलायचे म्हटलं तरी सगळे जमले नाहीत. आम्ही धरून चाललो होतो की सगळेच तितकेच वाईट असणार, म्हणून उघडून बघितले नाहीत.”

मी विचारलं, किती.

“यादी काढून पाठवतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. निरोपाचं काही बोलला नाही.

यादी त्याच संध्याकाळी आली. दापोलीपासून देवगडपर्यंतची, त्रेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रिकामा रकाना होता, वर फक्त ‘शेरा’ लिहिलेलं. मी शनिवारी निघालो. बरोबर पाने, ग्रीस, नायलॉन वॉशरची पुडी आणि एक मार्कर घेतला.